विहीणबाईचं प्रस्थान

॥ श्री ॥
भिलाई, ता. २ मार्च १९६३

सौ. विहीणबाई सिंधुताई यांस ठकूबाईचा सप्रेम नमस्कार वि. वि. इकडं सारे खुशाल. तुमी खुशाल नाई, हे तुमच्या यजमानांच्या, भाऊरावांच्या, कार्डावरून समजलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं तुमाले पित्ताचे खडे सांगतले अन् पोट कापा लागते म्हणाला, हे वाचून तुमची मथुरा चुलीपाशीच बसून रडली. मी मात्र हासली. राग मानू नका. सुनेच्या मायले दुखून राहिलं म्हून नाई हासली. आता आपण दोघी खडेवाल्या झालो, म्हून हासली.

मागच्या साली माझेच निघाले ना. शिशीत घालून घड्याळापाशी ठेवले आहेत. आमच्या लायनीत कोणी नवी बाई राहाले आली का मी आधी चहा देते अन् मंग शिशी दाखवते. समोरच्या क्वार्टरातली रशियन बाई पाहून गेली तर तिनं छातीले हात लावला. तिच्या भाषेत काय म्हणाली देव जाणे, पण खडे तिले पसंत पडले.

तर तुमच्या जावयानं, म्हणजे आमच्या शामरावनं, इथल्या दवाखान्यात तुमचा नंबर लावला. सोमवार, पंचवीस मार्च. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, पण लक्ष देऊन वाचजा, कारण त्या दिवशी काय काय होते ते माझ्याइतकं कोणाले माहीत नाई. डॉक्टरले बी नाई. तो वरून पाहते, मी खालून पाह्यलं.

पयली गोष्ट, सकाळी चहा नाई. पाणी बी नाई. मी नर्सले म्हटलं का बाई, घोटभर कोरा चहा, तो का खाण्यात येते? ती केरळची. म्हणाली, अम्मा, नो. दिवसभर ती बाई त्या एका शब्दावर निभावते. मंग एक झगा देतात. त्याले मांगून बटणं नाईत, नाड्या आहेत. पुढून लाज झाकते, मांगून देवाचा भरवसा. म्हून चालताना भिंतीकडं पाठ ठेवजा.

मंग मंगळसूत्र काढा लागते. इथं मी अडली. टेबलावर ठेवू देईना, भुईवर तर नाईच. शेवटी आमच्या यांच्या, कृष्णरावांच्या, गळ्यात घातलं. म्हटलं, घालून बसा, उतरलं तर माझ्याशी गाठ आहे. तो भोळा माणूस ते घालूनच बाहेर चहा प्याले गेला. टपरीवर सारे कारखान्याचे लोक. त्याहीनं विचारलं का आजोबा, नवरी कोठी आहे? हे म्हणाले का आत तिले कापून राहिले. टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाई.

बेशुद्ध करतात त्याचं भेव मानू नका. तोंडावर रबराचं लावतात अन् आकडे म्हणा म्हणतात. मी म्हटलं, नुसते आकडे कावून, मले पाढा येते. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. मंग काई आठवत नाई. डोळे उघडले तेव्हा मी खाटेवर होती अन् म्हणाली, बे चोक आठ. मथुराले इचारा, ती उशाशीच होती. मधल्या वेळात पोट कापून शिवून झालं, पाढा जागचा हलला नाई.

यांचे मात्र त्या दिवशी खरे हाल. वाट पाहून पाठ धरली म्हून बाहेरच्या चाकाच्या खाटेवर आडवे झाले अन् झोपले. वार्डबॉयनं चादर वढली अन् चालला घेऊन. दारापर्यंत गेले होते. गळ्यात मंगळसूत्र पाहून तो पोट्टा थांबला, नाई तर खडे माझे अन् टाके यांचे झाले असते.

एक शेवटची गोष्ट, लिहिताना लाज वाटते. ऑपरेशन झालं का पोटातला वारा सरल्याबिगर पाणी देत नाई. डॉक्टर येऊन तेच इचारते, नर्स तेच इचारते, जावई असला तर तो दुसरीकडं पाहून इचारते. साऱ्या खानदानानं वाट पाह्यली. सरला तेव्हा यांहीनं वार्डभर पेढे वाटले. लोकाले वाटलं नातू झाला.

तर असं आहे. गंमतच गंमत. आपली नात बेबी, आजी कधी येते म्हून इचारत राहते. तिच्यासाठी तरी या. भाऊरावांस नमस्कार, अन् माया आहे ती आटू देऊ नका.

तुमची,
ठकूबाई


॥ श्री ॥
तुमसर, ता. ८ मार्च १९६३

सौ. विहीणबाई ठकूबाई यांस सिंधूचा सा. न. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. त्याच्यासंगं धीर येणार होता, तो मांगंच राहिला, भेव तेवढं वेळेवर आलं.

पाढ्याचं वाचून हे, म्हणजे बेबीचे आजोबा, इतके हासले का चष्मा पडला. मंगळसूत्राचं वाचून हासणं थांबलं. म्हणतात का मी जन्मभर रेल्वेत नोकरी केली, हिरवा झेंडा धरला, लाल धरला, मंगळसूत्र धरणार नाई.

पण विहीणबाई, तुमी तारीख लिहिली, तिथी पाह्यली का? पंचवीसले अमावस्या आहे. लागूनच दुसऱ्या दिवशी पाडवा, साडेतीन मुहूर्तातला. लोक पाडव्याले घर बांधतात, सोनं घेतात, अन् मी आदल्या दिवशी अमावस्येले पोट फाडून घेऊ? तुमच्या शामरावाले कॅलेंडर दिसत नाई का? एक दिवस पुढं ढकला म्हणा. एक दिवसानं डॉक्टरचं काय बिघडते?

नाई जमत तर राहू द्या. मी येत नाई. इथं एक वैद्य आहे, तो मुळ्याचा रस देते. कालपासून डोळे पिवळे दिसून राहिले असं शेजारीण म्हणते, पण तिले साऱ्याचंच पिवळं दिसते. दुखते तेव्हा मात्र उभी राहता येत नाई, बसता बी येत नाई. मथुराले हे वाचून दाखवू नका.

अन् एक बोलते, मनात राहिलं तर खड्यासारखं टोचन. लग्नात मी तुमचे पाय धुतले तेव्हा तुमी साऱ्या मांडवासमोर पाय वढून घेतला अन् पाणी थंड आहे म्हणाल्या. मी बंबातून आणलेलं पाणी. त्याच विहीणबाई आता मले अमावस्येले बोलावून राहिल्या. मान करा तर असा.

बेबीले मुके. आमच्या बोलण्याचा राग धरला तरी चालन, दूर मात्र करू नका.

आपली,
सिंधू


॥ श्री ॥
भिलाई, ता. १३ मार्च १९६३

सौ. विहीणबाई यांस ठकूबाईचा नमस्कार. थंड पाण्याची गोष्ट सहा वर्षं झाली तरी तुमच्याकडं गरमच आहे, हे वाचून बरं वाटलं. ज्या बाईत एवढा राग शिल्लक आहे, तिच्यात जीव बी असन.

मी मथुराले पत्र दाखवलं नाई. तिनं पिठाच्या डब्यातून काढून वाचलं. आता ती जेवत नाई. ताट वाढून घेते अन् बेबीले भरवून उठते.

मी सोता डॉक्टरकडं गेली. बंगाली आहे, भला उंच. त्याले म्हटलं का साहेब, एक दिवस पुढं करा, पाडवा आहे. तो म्हणाला का पाडव्याले सुटी आहे, पुढचे दिवस बाकीच्यांनी भरले, अन् एप्रिल लागला का मी गावाले चाललो. मी डोळे पिवळे झाल्याचं सांगतलं तसा तो हासायचा थांबला. म्हणाला, खडा नळीत अडकला असन. पित्ताची पिशवी आतल्या आत सडली अन् फुटली तर मंग माझ्या हातात काई राहणार नाई, अन् तुमच्या पंचांगाच्या हातात बी नाई. शामराव बाजूले उभा होता. एवढा भट्टीपाशी काम करणारा पोट्टा, पण त्याचं तोंड पांढरं झालं.

म्हून विहीणबाई, आता हट्ट नाई. पण अमावस्या ती अमावस्या, हे मले बी समजते. घरी येताना रस्ताभर इचार केला. वाटेत भोंगा झाला, पयली पाळी सुटली, साऱ्या सायकली आल्या, मी मधात उभी. लोक घंटी वाजवून राहिले अन् मले एकदम सुचलं. प्रस्थान!

आमच्या लाखनीकडं ठेवतात, तुमच्याकडं बी ठेवत असतीन. गावाले जायचा दिवस वाईट असला तर आधी चांगल्या दिवशी आपलं गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. तांदूळ, सुपारी, हळकुंड, अंगावरच्या लुगड्याचा तुकडा. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघालं. मंग पाय कोणत्या बी दिवशी उचला, दोष नाई. माझ्या मायनं असंच प्रस्थान ठेवून मले बुधवारी सासरी धाडलं होतं.

तर एकवीसले गुरुवार आहे, एकादशी आहे. तुमचं गाठोडं मले धाडा. ते मी दवाखान्यात ठेवते. म्हणजे तुमचं ऑपरेशन एकादशीले सुरू झालं, सोमवारी फक्त कापायचं राहिलं. भाऊरावांले सांगा, सिग्नल पडला, गाडी टेशनातून सुटली, आता मधल्या टेशनावर अमावस्या उभी असन तर असू दे. आपली गाडी तिथं थांबत नाई.

गाठोडं लवकर धाडा. मथुरासाठी तरी. तुमच्या उत्तराकडं डोळे लावून,

ठकूबाई


॥ श्री ॥
तुमसर, ता. १७ मार्च १९६३

सौ. विहीणबाईंस सिंधूचा नमस्कार. प्रस्थानाचं वाचलं. ह्यांच्या पुतण्याले, शामसुंदरले, रेल्वेचा पास आहे, त्याच्या हाती गाठोडं धाडलं आहे. त्यानं वाटेत डोक्याखाली घेतलं तर त्याले दोन लावजा.

तांदूळ घरचे आहेत. तुकडा माझ्या हिरव्या लुगड्याचा, पदराचा. पदर कापताना जीवावर आलं, पण म्हटलं पोट कापून घेतो तर पदराचं काय. गाठोडं भुईवर ठेवू नका. पायाकडून ठेवू नका. अन् खिडकीजवळची खाट सांगून ठेवजा, मले कोंदटलं का दुखते.

मंगळसूत्राले हे तयार झाले. पण कोटाच्या आत घालीन म्हणतात, वरपर्यंत बटणं लावून.

थोडं मनातलं लिहिते. मी आली अन् परत गेली नाई, तर तांब्याचा बंब मथुराले द्यायचा. त्यातल्या पाण्याले तुमी नाव ठेवलं, पण तो माझ्या मायचा आहे. नथ बेबीले. हे तिच्यासमोर बोलायची हिंमत नाई म्हून तुमाले लिहिलं. तुमाले बोलायले मले कधीच हिंमत लागली नाई.

रविवारी दुपारच्या गाडीनं दुर्गले उतरतो. कोणाले धाडजा.

तुमची,
सिंधू


॥ श्री ॥
भिलाई, ता. २२ मार्च १९६३
(शामसुंदरच्या हाती)

सौ. विहीणबाईंस नमस्कार. घाबरू नका, गाठोडं सुखरूप आहे. थोडं शिजलं, पण सुखरूप आहे.

काल मुहूर्तावर मी दवाखान्यात गेली. भुईवर ठेवायचं नाई, पायाकडून नाई, मंग ठेवू कोठी? ऑपरेशनच्या खोलीबाहेर एक फळी होती. त्यावर पांढऱ्या कपड्याची गाठोडी एकाले एक लावून ठेवली होती. मी बी तुमचं गाठोडं घरून यांच्या धोतराच्या पांढऱ्या फडक्यात बांधून नेलं होतं, स्वच्छ दिसावं म्हून. तर त्या मधात तुमाले बसवलं. शेजार बी चांगला, उंच बी आहे, खिडकी बी आहे. नमस्कार केला अन् घरी आली.

मले कोणी सांगतलं होतं का ती गाठोडी वाफेच्या मशीनीत जातात? डॉक्टरचे कपडे त्यात भाजीसारखे उकडतात, रोगाचे जंतू मरावे म्हून. आज सकाळी पेशंट यायच्या आधी नर्सनं गाठोडं सोडलं. तिले वाटलं चादर निघन. निघाला पिवळा भात! हळद साऱ्यात उतरली, सुपारी मऊ झाली, अन् वरून हिरवा पदर. ती म्हणाली, नो. मंग किती तरी वेळ नो, नो म्हणत राहिली.

मी गाठोड्याची खबर घ्यायले गेलीच होती. मले धरून डॉक्टरसमोर उभी केली. त्यानं इचारलं का हे काय आहे. मी म्हटलं का साहेब, ह्या आमच्या विहीणबाई. सोमवारी येणार होत्या, अमावस्या आहे म्हून आधी आल्या.

तो लालबुंद झाला. मले वाटलं आता तुमचा नंबर कापते. मी सारं सांगतलं, एकादशी, लाखनी, माझी माय, सारं. हात जोडून म्हटलं का साहेब, काई बी करा, पण माणूस येईपर्यंत गाठोडं घरी परत धाडू नका, ते परतलं तर ती बाई येणार नाई, अन् आली नाई तर तिची पोरगी जेवणार नाई. त्यानं गाठोड्यातली सुपारी उचलून पाह्यली. मंग म्हणाला का मी परीक्षेले निघालो का माझी माय कपाळाले दही लावे. अन् भात, पदर, सुपारी, सारं परत बांधून आपल्या टेबलाच्या खणात ठेवलं अन् किल्ली लावली. नर्सकडं पाहून म्हणाला का अशी निर्मळ पेशंट या दवाखान्यात अजून आली नाई.

मी जाता जाता इचारलं का साहेब, त्या वाफेत सारंच मरते का? म्हणाला, जे चिकटून येते ते सारं. मी म्हटलं, अमावस्या बी? तो म्हणाला, आजी, तीच आधी.

आता या. गाठोडं डॉक्टरच्या खणात तुमची वाट पाहून राहिलं आहे.

ठकूबाई


॥ श्री ॥
तुमसर, ता. १८ एप्रिल १९६३

सौ. विहीणबाई ठकूबाई यांस सिंधूचा सा. न. वि. वि. घरी सुखरूप पोचलो. टाक्याची जागा खाजवते, खाजवायची मनाई आहे, म्हून चिडचिड होते. बाकी भूक लागते, झोप लागते, डोळे पांढरे झाले. शेजारणीले दाखवून आली.

तुमी त्या दिवसाचं जे लिहिलं त्यातलं निम्मं खोटं निघालं. मी आकडे म्हटले नाई. ह्यांच्या गाडीची टेशनं म्हटली, दुर्गपासून नागपूरकडं. डोंगरगडपर्यंत गेली, पुढचं दिसलं नाई. तोंडावरच्या रबरातून वास येते हे तुमी लिहिलंच नाई. झग्याच्या नाड्यांचं मात्र खरं होतं.

हे कोटाची बटणं लावून बाहेर बसले, मार्चच्या उन्हात, घामानं निथळत. तुमच्या यजमानांनी, म्हणे, शेजारी बसून इचारलं का तुमची पयलीच खेप का? अन् मंग कसं बसायचं, कोणाशी बोलायचं नाई, चहा कोठी प्यायचा, सारं समजावून सांगतलं. दोघंही वळून वळून दाराकडं पाहत होते असं मथुरा सांगते. अन् वाऱ्याची बातमी आली तेव्हा ह्यांनी पेढे नाई वाटले, जिलेबी वाटली. आमच्याकडून काई कमी नको.

आता ते बोलते ज्यासाठी कागद घेतला. त्या सकाळी नर्सनं माझे पाय पाह्यले अन् नो म्हणाली. गाडीचा कोळसा, टेशनची धूळ, तुमच्या लायनीतली लाल माती. धुवायले वार्डबॉय मिळेना. तर तुमी बादली अन् घमेलं घेऊन आल्या अन् खाली बसल्या. साऱ्या वार्डासमोर. मी पाय वर घेतला, म्हटलं हे काय करून राहिल्या, तुमी मुलाची माय, उलटं होते. तुमी काईच बोलल्या नाई. तुमी बोलल्या नाई असं मी पयल्यांदाच पाह्यलं, त्यानं मले जास्त भेव वाटलं. बोटाबोटाच्या मधून धुतलं अन् पदरानं पुसलं.

धुताना मधातच मी पाय वढला अन् म्हटलं का पाणी थंड आहे. ते थंडच होतं, सांगून ठेवते.

नर्सनं माझा खडा दिला. एकच आहे, पण सुपारीएवढा. शिशी घड्याळापाशी नाई ठेवली, दिवाणखान्यात ठेवली. तुमचे बारीक बारीक आहेत असं मथुरा म्हणाली, मी काई म्हटलं नाई.

गाठोड्यातला भात वाळून टणक झाला होता. आंगणात टाकला, चिमण्या खाऊन गेल्या. पदराचा तुकडा मी परत लुगड्याले शिवला. हळदीचा डाग जात नाई. घालवत बी नाई.

बेबीले मुके, जावयांस आशीर्वाद. तुमी मले अशीच नावं ठेवत राहा.

तुमची,
सिंधू


॥ श्री ॥
भिलाई, ता. २४ एप्रिल १९६३

सौ. विहीणबाई सिंधुताई यांस ठकूबाईचा नमस्कार वि. वि. पत्र बेबीसकट साऱ्यांनी वाचलं. खडा सुपारीएवढा आहे हे वाचून हे म्हणाले का ठकू, तू हारली. हारली तर हारली. पण एकच खडा म्हणजे पाहुण्याले दाखवणं लवकर संपते. माझे एक एक करून दाखवता येतात, चहा दुसऱ्यांदा होते.

मथुरा आता दोन वेळा जेवते अन् मधात बी खाते. ती काई सांगन तेव्हा सांगन, मी लिहीत नाई. बंब मात्र धाडून ठेवा, पुढं लागन. तुमी सोताच घेऊन आल्या तर आणखी बरं.

त्या सकाळचं आता मी बी सांगते. मी बोलली नाई, कारण तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, अन् वार्डासमोर रडणं चांगलं दिसत नाई. तुमचे पाय पिवळे होते विहीणबाई, हळद लावल्यासारखे, अन् इतके हलके का माझ्या हातात काईच नाई असं वाटे. मनात म्हटलं, गाठोडं आलं, पण ही बाई कोठी तरी निघून चालली.

तेवढ्यात तुमी पाय वढला अन् म्हणाल्या, पाणी थंड आहे. तेव्हाच मले समजलं. डॉक्टर बाहेर येऊन सारं ठीक आहे म्हणाला ते दुपारी. शामराव, भाऊराव, सारे तेव्हा हासले. मी सकाळीच हासून बसली होती. जिले जायचं असते ती बाई विहिणीच्या पाण्यात खोट काढत नाई.

अन् पाणी थंड नव्हतं. नर्सच्या शेगडीवर मी सोता तापवलं होतं. पण तुमी म्हणता तर थंड.

पुढच्या खेपेस कडकडीत ठेवते. पाय घेऊन या.

तुमची विहीण,
ठकूबाई